साडेसातची सिरियल आणि आमचा सोफा

सिरियल पाहणाऱ्यांना लोक हसतात. मी म्हणते, सिरियल सोडा आणि नुसतं पाहणाऱ्यांकडे पाहत बसा, पैसे वसूल! गोंदियातल्या आमच्या गल्लीत टीव्ही सगळ्यात मोठा माझा, म्हणून संध्याकाळी साडेसातला बायका हजर. चहा माझा, सोफा माझा, रिमोट मात्र शेजारच्या शांताबाईंच्या हातात. किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

सध्या या बैठकीत सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. शांताबाईंच्या सुनेला, शोभाला, शाळेत शिकवायची नोकरी मिळतेय. सोमवारी रुजू व्हायचंय, आणि शांताबाई हो म्हणत नाहीत.

"सून बाहेर पडली का घर बिघडते. सिरियलमंदी पाहून नाही राहिली काय तू?" असं त्यांनी मलाच सुनावलं. आता सिरियलमधली नोकरदार बाई म्हणजे बिनबाह्यांचं ब्लाउज आणि दुसऱ्याच्या नवऱ्यावर डोळा! हा यांचा पुरावा. शोभा बिचारी मागे खाली बसून तुरीच्या शेंगा सोलते आणि ऐकते. मला तिची फार कीव येते.

*

मध्यंतरी हिरो दरीत पडला. सगळं घर रडलं, आमचा सोफाही रडला. मग नट बदलला, म्हणून हिरो प्लास्टिक सर्जरी करून परत आला. त्याला बायको ओळखेना, आई ओळखेना.

आमच्या गुप्ता भाभींचं कापडाचं दुकान आहे, माप त्या नजरेनंच घेतात. शांतपणे म्हणाल्या, "चेहरा बदला, ठीक है. पर ये चार इंच लंबा कैसे हो गया?"

*

हिरॉइन एकदा शेतात धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, करायला उतरली. अंगावर रेशमी साडी, केसांत गजरा, चिखलाचा एक थेंब कुठे नाही. रोपटी अशी धरलेली, जणू पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचाय.

शांताबाईंची शेती अर्जुनी मोरगावकडे. उभी हयात रोवण्यात गेलेली. त्या म्हणाल्या, "आण इले एक दिवस आमच्या बांधीत. दोन जळवा लागल्या का उतरते सारी लिपस्टिक."

त्या दिवशी मला त्या फार आवडल्या, खोटं कशाला बोलू?

*

सगळंच टाकाऊ असतं असं नाही हं. आमच्या ह्यांनी एकदा मोबाइलवरची एक छोटी मालिका टीव्हीला जोडून दाखवली. तालुक्याच्या गावातली एक हवालदार बाई, दोनच साड्या आलटून पालटून नेसणारी. सासूशी गॅसवरून भांडते आणि मग दोघी एकाच ताटात जेवतात. कोणी दचकलं तर चेहरा एकदाच दाखवतात! सहा भागांत गोष्ट संपली आणि मला कितीतरी दिवसांनी मन भरून बरं वाटलं.

शांताबाई मात्र नाराज. "संपली? अवो, अजून कोणी रडलंबी नाही!"

*

गुप्ता भाभींनीही शोभासाठी शब्द टाकून पाहिला. "पढ़ी-लिखी है, जाने दो ना." शांताबाईंनी उत्तरादाखल फक्त आवाज वाढवला. टीव्हीचा.

*

आणि हा शनिवारचा. सिरियलमधल्या सुनेला त्या दिवशी नोकरीचा इंटरव्ह्यू होता. सासूनं तिला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. सून आतून दार बडवतेय, ढोल वाजतायत, वीज कडाडतेय. शांताबाईंच्या डोळ्यांना धार. पदर तोंडाशी धरून त्या टीव्हीतल्या सासूवर कडाडल्या, "काऊन अडवते वो त्या पोरीले? शिकली-सवरली आहे, जाऊ दे ना तिले!"

गुप्ता भाभींचा कप तोंडापाशीच थांबला.

मागे शोभानं शेंगांची परात बाजूला सरकवली. "आई, मंग सोमवारी मी जाऊ काय?"

शांताबाईंनी मान वळवली नाही. डोळे पुसत, नजर टीव्हीवर ठेवून म्हणाल्या, "थांब वो. ब्रेक होऊ दे."

मी उठले आणि भिंतीवरचं टीव्हीचं बटणच बंद केलं.

"अवो, काऊन बंद केला?"

"झाला ब्रेक," मी म्हटलं. "आता बोला."