निघालेल्याला विचारू नये

माझी भाची अमेरिकेत जन्मली, पासपोर्टही तिथलाच, आणि शिकायला गेली कॅनडात, समुद्राकाठच्या एका शहरात. त्या वर्षी तिथे फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने होते. आमच्या जत्रेला चार गावचे लोक आले तरी पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथे तर अख्खं जग लोटलेलं. तिची खोली तळघरात. खिडकीतून नुसते पाय दिसायचे, रंगीबेरंगी मोज्यांतले. ते ती मला फोनवर दाखवायची. अमेरिकेची म्हटलं की बरोबरची पोरं चिडवायची, म्हणून पठ्ठी ‘मी मालवणची’ सांगून मोकळी व्हायची.

संध्याकाळी बाहेर पडताना ती मला फोन करी. आमच्याकडे तेव्हा सकाळ. मासेमारीची पावसाळी बंदी, होडी वर ओढलेली, नवरा पडवीत जाळं दुरुस्त करत आणि मी सुकट निवडत. ती बूट घालता घालता बोले आणि शेवटी म्हणे, “मावशी, येतंय गो.” मी म्हणे, “ये हां.” संपलं.

कुठे चाललीस, हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे निघालेल्या माणसाला ‘खंय’ म्हणून विचारत नाहीत, काम होत नाही. त्यातून आमचं घर दर्यावर जाणारं. वडील होडीकडे निघाले असताना मी एकदा विचारलं, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की पुन्हा जीभ वळली नाही. फार तर ‘लांब?’ म्हणावं आणि समोरच्याने मान हलवावी.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसणार, तोच धाकट्या बहिणीचा, म्हणजे तिच्या आईचा, अमेरिकेतून फोन आला. “बाय, चेडू फोन उचलणा नाय.”

भाचीला लहानपणापासून फिट येते. गोळी चुकली, जागरण झालं, की आलीच. म्हणून बहीण फोनमधल्या नकाशावर तिचा टिपका बघत बसते. त्या दिवशी तो टिपका पाण्याकडेला एका धक्क्यावर थांबला होता. सामना सुटला, गर्दी पांगली, तरी टिपका हलेना.

“शेवटचा तुझ्याशीच बोलली. पोलीस इचारतत, खंय जातंय म्हणाली?”

“माका म्हायत नाय.”

“म्हंजे?”

“मी इचारूक नाय.”

बहीण म्हणाली, “अगो, ती काय मासे मारूक चल्ली होती?”

माझं डोकं फिरलं. तू रोज विचारतेस ना, मग तुला का नाही सांगितलं, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ती आई आहे, आणि रात्र तिच्याकडे होती.

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. आमच्याकडे पावसात रेंज येते ती फक्त पडवीच्या कोपऱ्यात, तिथून मी हलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: पोरगी धक्क्यावर आडवी, दातखीळ बसलेली, आणि बाजूने जाणाऱ्यांना वाटतंय की प्यायलेली आहे. भगवतीला नारळ बोलले. नवरा म्हणाला, “गप ऱ्हव, काय एक होणा नाय.” पण तोही जाळ्यातला एकच फास पुन्हापुन्हा घालत होता आणि सोडवत होता.

मग एका अनोळखी नंबरावरून फोन आला. “मावशी, मी बरी आसंय. फोन खंयतरी पडलो.” पाण्यापलीकडे एका मैत्रिणीच्या घरी सामना बघितला, गोळी घेतली आणि तिथेच झोप लागली. एवढंच.

“आईक सांगलंस?”

“नाय. आधी तुका केलंय.”

मी तिला वाट्टेल ते बोलले. बोलता बोलता रडायला लागले. ती ऐकून घेत राहिली, मग हळूच म्हणाली, “आई इचारता, मगे माका कायतरी सांगूचा लागता. तू इचारणस नाय, म्हणान तुका फोन करून भायर पडतंय.”

हे मी बहिणीला सांगितलं नाही. तिने मात्र मला शपथ घातली: यापुढे ती तुला फोन करील तेव्हा विचारायचं आणि मला कळवायचं. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

पुढच्या सामन्याच्या दिवशी भाचीचा फोन आला. नव्या फोनमध्ये चेहरा स्वच्छ दिसत होता. गालावर कुठल्यातरी देशाचा झेंडा रंगवलेला, मागे कुणीतरी ढोल बडवत होतं. ती बूट घालायला वाकली. माझी जीभ जड झाली होती, पण विचारलं. “खंय चल्लंस गो?”

ती वाकलेलीच राहिली. मग वर बघून हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिच्या आईने पाहिलं असेल.

“लायब्ररीत, मावशी.”

“बरा,” मी म्हटलं, “सांबाळून जा.”

बहिणीला कळवलं. तिचा जीव भांड्यात पडला. सामने संपेपर्यंत भाची रोज लायब्ररीत जात होती, आणि मी रोज तसं कळवत होते.