आधी मी बघून येतो

जर्मनीला जाऊन जर्मनी न पाहता परत आलेला माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो कुवेतमधल्या हवल्लीला आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. मूळचे राजापूरच्या खाडीकडचे. कुवेतला ते एकोणीसशे पन्नासच्या आसपास कधीतरी आले आणि शहराच्या शर्क भागातल्या एका पेढीत पंपांचं गोदाम सांभाळू लागले. त्या दिवसांत आपल्या माणसांची इकडे यायची एक रीत होती. गडी आधी एकटा यायचा, खोली बघायचा, पाण्याची सोय बघायचा आणि बस्तान बसलं की बायकोला बोलवायचा. बाकीच्यांनी ही रीत कुवेतपुरती ठेवली, चाचांनी ती सगळ्या आयुष्याला लावून टाकली. माणसांना कुठेही न्यायचं तर आधी आपण एकट्यानं जाऊन यायचं, हा त्यांचा कायदा होता.

फहाहीलच्या बाजारात इमारतीतल्या आम्हा चौघांना न्यायचं ठरलं, तर हे गृहस्थ आदल्या शुक्रवारी एकटे जाऊन आले आणि चहा कुठला बरा, सावली कुठल्या बाजूला, हे सगळं ठरवून आले. माझी बायको पहिल्यांदा कुवेतला यायची होती तेव्हा भर दुपारी आमच्या खोलीत येऊन फरशीवर चक्क आडवे झाले. "ऊन डोळ्यांवर येतंय. पोरीला झोप नाय लागायची. पडदा लाव," म्हणाले. माझी दाढ काढायची होती, तर माझ्याआधी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत स्वतः बसून आले. "खुर्ची मऊ आहे. माणूस जरा तापट आहे, पण हात हलका," असा अहवाल मिळाल्यावरच मला जायची परवानगी मिळाली. एवढं करून स्वतःच्या बायकोला मात्र त्यांनी कुवेतला आणलंच नाही. विचारलं की म्हणायचे, "कुवेत अजून नीट बघून नाय झालं."

जर्मनीचं वेड लागलं ते पंपांमुळे. पंप जर्मनीहून यायचे आणि त्यांच्याबरोबर दर वर्षी एक कॅलेंडर यायचं. महिन्याला एक शहर. चाचा महिन्यांची नावंच विसरले. "भाडं हायडेलबर्ग लागलं की देतो," असं घरमालकाला सांगायचे, आणि बिचारा पॅलेस्टिनी घरमालक नुसता बघत राहायचा. वर्ष सरलं की कॅलेंडर गावी चाचीकडे जायचं. चाचीला वाचता येत नव्हतं, पण तिनं ती सगळी चित्रं ओटीवर ओळीनं लावली होती. कोलोनचं ते आभाळाला टेकलेलं चर्च, म्युनिकचं यंत्रांचं म्युझियम, सगळं तिच्या ओळखीचं झालं होतं. तिचा जीव जडला होता तो न्यूरेंबर्गच्या चौकातल्या घड्याळावर. दुपारचे बारा वाजले की त्यातून छोटी छोटी माणसं बाहेर येतात आणि राजाभोवती फिरतात, हे चाचांनी कुणा जर्मन इंजिनियरकडून ऐकून तिला सांगितलं होतं. सुट्टीवर गेले की ती एकच विचारायची, "घड्याळातली माणसं दाखवायला कधी नेताय?"

साठच्या दशकात एका वर्षी अरबाबनं, म्हणजे पेढीच्या मालकानं, चाचांना पंपांच्या सुट्या भागांचं काम शिकायला खरोखरच जर्मनीला पाठवलं. काम संपल्यावर आठवडाभर हिंडायची मुभाही दिली. परत आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या खोलीत गोळा झालो. मी विचारलं, "म्युनिकचं म्युझियम कसं आहे?"

"झकास. जिन्याला कठडा आहे. दर दोन दालनांमागे बाक आहे, तोही पाठीचा."

"आणि आत काय काय आहे?"

"आत नाय गेलो. म्हणजे बाकापर्यंत गेलो."

मग एकेक बाहेर येऊ लागलं. कोलोनच्या चर्चमध्ये मान खाली घालून फिरले, कारण लादी घसरडी आहे का ते बघायचं होतं. चित्रांच्या म्युझियममध्ये चित्रांकडे पाठ करून बाकावर बसून पाहिलं, चाचीची कंबर धरते का म्हणून. न्यूरेंबर्गच्या चौकात बाराच्या आधीच जाऊन उभे राहिले. बाक हेरला, ऊन कुठून येतं ते पाहिलं आणि ठोके पडायला लागले तसे पाठ फिरवून चालू लागले. "एकट्यानं कसं बघायचं? पहिल्यांदा बघायचं ते दोघांनी," म्हणाले. आम्ही हसून हसून बेजार झालो. चाचाही हसले. पुढच्या वर्षी तिला घेऊनच जाणार होते.

पुढच्या वर्षी चाची अंथरुणाला खिळली. छातीचं दुखणं होतं. चाचा तातडीनं निघाले. मीही सुट्टीवर चाललो होतो, एकाच बोटीनं मुंबईला आलो आणि तसाच त्यांच्या गावी गेलो. चाचीची खाट ओटीवरच होती, चित्रांच्या खाली. मला पाहून तिनं आधी माझ्या चहाचं विचारलं. मग चाचांकडे वळून म्हणाली, "आता माझ्यानं काय येववत नाय. तुम्ही जाऊन आलात ना? सांगा की. ती माणसं कशी येतात बाहेर?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. असा केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. थाप मारली असती तर चाललं असतं, मी असतो तर मारली असती. पण स्वतः न बघितलेल्या गोष्टीची हमी या माणसानं जन्मात दिली नव्हती. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"समोर बाक आहे गो," ते शेवटी म्हणाले. "सावलीत आहे. तिथून मान वर करायला नाय लागत."

चाचीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हसली. "म्हणजे बघितलंच नाय," म्हणाली, आणि त्यांचा हात धरून डोळे मिटून पडून राहिली. मी कुवेतला परतायच्या आतच ती गेली.

चाचा नंतर बरीच वर्षं हवल्लीतच होते. कॅलेंडरं येत राहिली, ती ते गुंडाळी न सोडताच कपाटावर ठेवायचे. कुणी जर्मनीला निघालं की मात्र खाली येऊन कुठे बसावं, कुठे पाय घसरतो, ते नीट समजावून द्यायचे. आमच्या इमारतीतला एक तरुण इंजिनियर असाच जाऊन आला. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. चहा पिता पिता मोठ्या हौसेनं म्हणाला, "चाचा, तुमच्या बाकावर बसून घड्याळ पाहिलं हं! बारा वाजले, आणि वरचं दार..."

चाचांनी कप खाली ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नको सांगूस, बाळा," ते म्हणाले. "आम्ही अजून बघितलं नाय."