सासुरवाडीवर धरलेला नेम

वोल्फर्ट हा डच फौजेतला गोलंदाज. त्याच्या ताब्यातली तोफ वेढ्याच्या कामाची होती. तिला ओढायला घोड्यांची लांबलचक रांग लागे, आणि ती चिखलात रुतली की अख्खी पलटण शिव्या देत खांदा लावी.

स्पॅनिशांच्या ताब्यातल्या होल्स्टवेर्ड गावाच्या वेढ्यात उन्हाळाभर चर खणणं चाललं. सरळ खणला तर तटावरची स्पॅनिश शिबंदी आतल्या माणसांना टिपणार, म्हणून चर वळणं घेत पुढं सरकत होता. शेवटी तो खंदकाच्या काठाशी पोचला. मातीनं भरलेल्या उंच टोपल्यांचा आडोसा झाला, फळ्यांचा चौथरा झाला, तोफ वर चढली. वोल्फर्टनं टोपल्यांमधून डोकावून पाहिलं. पवनचक्कीजवळच्या तटाला आतून पाठ लावून लाल कौलांचं एक घर उभं होतं. ते त्याच्या सासूचं.

तो कप्तानाकडे गेला.

“साहेब, उजवीकडचा तट जास्त कच्चा वाटतो.”

“डावा पाडायचाय. तिथं खंदक अरुंद आहे. का रे?”

“डावीकडे माझी सासुरवाडी आहे.”

कप्तानानं जरा विचार केला. “सासूशी पटतं तुझं?”

“फारसं नाही.”

“मग?”

“बायकोचं पटतं.”

“डावा,” कप्तान म्हणाला आणि जेवायला गेला.

वोल्फर्टची बायको मारिट छावणीत वाटाण्याचं सूप विकायची. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती पळीनं सूप ढवळत राहिली.

“अहो, आई तटाकडच्या खोलीत निजते. दुसऱ्या कुणाला द्या ना ते काम.”

“दुसरा गोलंदाज म्हणजे तो क्लास. त्याचा नेम माहीत आहे ना तुला? आळीच्या आळी पाडेल तो. मी तटाच्या पायाशी तरी मारीन.”

त्या दिवशी मारिटनं त्याचा वाडगा भरलाच नाही.

सकाळी मारा सुरू झाला. पहिले गोळे खंदकात पडले. कप्तान म्हणाला, माशांशी आपलं भांडण नाही. वोल्फर्टनं तोफेचं तोंड थोडं वर उचललं, आणि मग प्रत्येक गोळा पायथ्याशीच बसू लागला. तोफ तापली की तिच्यावर ओली कातडी टाकायची, पुन्हा दारू ठासायची. दुपारी तट खचून खंदकात घसरला. मागोमाग लाल कौलं आली. धुराडं सगळ्यात शेवटी पडलं. सगळे ओरडले, टोप्या उडवल्या. वोल्फर्टला चरात उलटी झाली. लोकांना वाटलं, धुरामुळे असेल.

आता हल्ला होणार हे ओळखून शिबंदीनं पांढरं निशाण चढवलं. नवराबायको गावात शिरले. सासू, आलेडबाई, शेजारणीच्या दारात खुर्ची टाकून सलगम सोलत बसली होती. मारिट तिच्या गळ्यात पडून रडली.

“कुठं होतीस गं?”

“चर्चच्या तळघरात. उन्हाळाभर तो चर माझ्याच घराकडं वळत होता. आंधळ्यालाही दिसलं असतं.” मग तिनं वर पाहिलं. “या जावईबापू. तोफ कुणाची होती?”

मारिट जमिनीकडं बघू लागली.

“माझी,” वोल्फर्ट म्हणाला.

“पहिले गोळे खंदकात पडले.”

“दारू दमट होती.”

“हं. लग्नालाही उशिराच आला होतास.”

त्यानं ढिगारा उपसून तिचं तांब्याचं पातेलं काढलं. ते पार चेपलं होतं. ठोकून सरळ करून देतो म्हणाला.

“राहू दे,” सासू म्हणाली. “पातेल्यावर नेम धरशील आणि खिडकी जाईल.”

नगरसभेनं आधी तट बांधायला काढला. घरांची पाळी काही आली नाही, तेव्हा आलेडबाई लेकीकडेच राहायला आली. वोल्फर्टनं तिला स्वतः खोली करून दिली, रस्त्याच्या बाजूला. वसंतात त्यानं तोफखाना सोडला आणि नदीच्या बांधावर माती टाकायच्या कामाला लागला. कुणी कारण विचारलं तर सांगायचा, पाठ दुखते.