लिस्बन ते वॉर्सा, माझ्या घड्याळाने

लिस्बनहून वॉर्साला विमानाने चार तास लागतात. प्लॅनिंग मी केलं तर एकोणीस.

आमची इरा एका सेमिस्टरसाठी लिस्बनला होती आणि शनिवारी वॉर्साच्या परिषदेत तिला पेपर वाचायचा होता. वीस वर्षांची पोर, पहिलाच पेपर! इकडे आमच्या गावात, नेपरव्हिलमध्ये, ही बातमी न ऐकलेलं कुणी उरलं नव्हतं. (पोस्टमनने तर दोनदा ऐकली.)

"तीन हजार किलोमीटर म्हणजे काय गं? आपण बेलव्ह्यूला काकाकडे ड्राइव्ह करत गेलो, तेवढंच!" मी फोनवर म्हणालो.

"बाबा, त्यानंतर आई तुझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती."

मग शुक्रवारचं विमान ठरलं. मेट्रो, सिक्युरिटी, गेटपर्यंतचं चालणं, सगळं मी मिनिटांत बसवलं. मुलीशी मराठीच बोलायचं हा माझा बाणा, त्यामुळे सूचनाही अस्सल मराठीत!

"रूमवरून बरोब्बर पावणेतीनला निघ. आधी नको, उगाच बसून राहशील!"

शुक्रवारी तिचा फोन आला. "बाबा, फ्लाइट मिस झाली."

"निघालीस कधी?"

"पावणेतीनला! थ्री फिफ्टीन शार्प!"

"अगं, पावणेतीन म्हणजे दोन पंचेचाळीस!"

"बट बाबा, पाव म्हणजे क्वार्टर. तीन आणि पाव. इट्स लॉजिकल!"

बायको मागून म्हणाली, "मराठी शिकवलीस रे, घड्याळ तेवढं राहिलं!"

दुसऱ्या दिवशी वॉर्सात दुपारी चारला पेपर आणि पोरगी अजून लिस्बनच्या विमानतळावर! मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. "थांब, बसने गेलीस तर..."

"बसने दोन दिवस लागतात! बाबा, प्लीज यार, तू आता काही प्लॅन करू नकोस."

काउंटरवर हुज्जत घालून तिने स्वतःच संध्याकाळचं विमान मिळवलं, वाटेत एक बदललं आणि शनिवारी सकाळी अकराला वॉर्सात हजर! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! (माझ्या मदतीशिवाय पोचली, हे विशेष.)

पेपर ऑनलाइनही दिसणार होता. मी चार मराठी कुटुंबांना पोह्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, "तिकडे आपल्यापेक्षा सहा तास पुढे. म्हणजे आपल्याकडे सकाळी दहा!"

ठीक दहाला मोठ्या टीव्हीवर लिंक उघडली. काळा पडदा! 'कार्यक्रम संपला आहे.' तेवढ्यात इराचा फोन.

"बाबा, पाहिलंस? लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते!"

"वा! फारच सुंदर बोललीस!" मी ऊर भरून म्हणालो.

कुलकर्णी काकूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "अहो, सहा तास लिस्बनचे ना? वॉर्साचे सात."

पोरगी अख्खा युरोप ओलांडून गेली होती. तिचा बाप अजून लिस्बनमध्येच होता!