जास्वंदीवरचा भुंगेरा आणि चेअरमनकाका

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दुसऱ्याच्या झाडाची फुलं तोडणं ही चोरी नाही, देवाची सेवा आहे. ती पहाटे, मॉर्निंग वॉकच्या नावाखाली, हातात पिशवी घेऊन करतात. त्यात आघाडीवर आमचे चेअरमनकाका. आईने गावाहून फांदी आणून कंपाउंडात लावलेली लाल जास्वंद रोज त्यांच्या गणपतीला वाहिली जायची. आईच्या गणपतीला मिटलेल्या कळ्या उरायच्या.

यंदा पावसाळ्यात त्या झाडावर भुंगेरे आले. काळे, पाठीवर नारिंगी पट्टे, दिवसभर पाकळ्या कुरतडणारे. हा किडा चिरडला की अंगातून पिवळा रस सोडतो आणि तो लागेल तिथे फोड येतात. आईला मी बजावून ठेवलं होतं. काकांना सांगितलं नाही, कारण ते झाडाला हात लावतात हे अधिकृतपणे कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारच्या मीटिंगला काका उजव्या हाताला बँडेज बांधून आले.

"ती जास्वंद मुळापासून काढायची. डेंजर किडे आहेत. खाली मुलं खेळतात."

शेजारी बसलेल्या आईने माझं मनगट घट्ट धरलं. माझं डोकं सणकलं.

"काका, तो किडा फुलात बसतो. तुमचा हात फुलात कसा गेला?"

"मी... चेक करत होतो."

"पहाटे? पिशवी घेऊन?" तळमजल्यावरच्या वहिनी खिदळल्या.

मग मीही थांबलो नाही. मोबाइलवर वाचलेलं सगळं सांगून टाकलं. याची अळी मातीत शिरून टोळांनी घातलेली अंडी शोधते आणि ती खाऊनच पोसते. मोठी होऊन भुंगेरा झाली की लोकांच्या जास्वंदी खाते. जन्मभर फुकट.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. अर्ध्या लोकांच्या देवघरात आमचीच फुलं होती. झाड वाचलं ते त्यामुळेच. तोडलं असतं तर इतक्या देवांची सोय कोण करणार? दुसऱ्या दिवसापासून काका भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून यायला लागले.

गणेश चतुर्थीला आम्ही त्यांच्याकडे आरतीला गेलो. काकांनी मूर्तीवरचं एक लाल फूल काढून आईच्या हातावर ठेवलं. "घ्या वहिनी, प्रसाद."

मी तोंड उघडणार होतो. पण आईने ते फूल डोळ्यांना लावलं होतं. कित्येक महिन्यांनी तिच्या हातात तिच्याच झाडाचं उमललेलं फूल आलं होतं.

"बघ रे," ती मला म्हणाली, "किती छान फुललंय."