उशिरा उडी मारणारा गोलकीपर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दिग्याला ओळखत नाही. ओळखत असता तर माझं तोंड उघडलं असतं का? नसतंच.

दिग्या म्हणजे शिवाजी पेठेतला माझा शेजारी, शाळेपासूनचा मित्र, आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर — आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. त्या वर्षी मी घरी बसून, व्हिडिओ बघत जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅमिंग शिकत होतो. नोकरी नव्हती. येणारा-जाणारा ‘काय चाललंय’ विचारायचा आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नसायचं. म्हणून पहिला गेम करायला घेतला — पेनल्टीचा. बोटानं चेंडू ढकलायचा, गोलकीपर अडवणार. साधाच. पण माझा गोलकीपर चेंडू जाळ्यात गेल्यावर उडी मारायचा. काही केल्या आधी हलेना.

त्याच आठवड्यात आमची सेमीफायनल पेनल्टीवर गेली आणि दिग्याला एकही अडवता आली नाही. आम्ही हरलो. पेठेत चार दिवस दुसरा विषय नव्हता.

मग मी काय केलं? माझ्या गोलकीपरला दिग्यासारखा पिवळा शर्ट घातला, पाठीवर त्याचा नंबर टाकला, आणि खोट्या नावाच्या खात्यावरून लिंक सोडून दिली. दुपारपर्यंत ती तालमीत, चहाच्या गाड्यावर, सगळीकडे. लोक पोट धरून हसत होते. मीही त्यांच्यात उभा राहून हसलो — मी केलेली गोष्ट चालत होती, माणसं ती खेळत होती. खरं सांगू? मला फार आनंद झाला होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर पोरकटपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण दोन दिवसांनी मला उशिरा उडीमागची कोडमधली चूक सापडली. दोन ओळींची अदलाबदल, बास. करून पाहिली; गोलकीपरनं लागोपाठ तीन चेंडू अडवले. आणि मी — मी त्या ओळी पुन्हा होत्या तशा केल्या. अडवणाऱ्या दिग्याला कोण हसणार होतं?

मग दिग्याच घरी आला. बसलाही नाही. “तुला त्यातलं कळतंय न्हवं? कुणी केलंय, एवढं शोधून दे की. आई बी बघत बसलीया मोबाईलवर.”

मी लॅपटॉप उघडला. समोर माझाच कोड. बराच वेळ शोधल्यासारखं केलं आणि म्हणालो, पलीकडच्या पेठेतल्या पोरांचं काम दिसतंय. त्यानं मान हलवली, पाणी प्यायला, गेला.

त्यानंतर तो मैदानात उतरला नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं होतं, तिकडेही गेला नाही. मला मात्र तोच गेम दाखवून नोकरी लागली. मुलाखतीआधी मी नंबर पुसला होता, शर्टाचा रंग बदलला होता — आणि हो, त्या दोन ओळीही नीट केल्या होत्या. तिथे मला गोलकीपर चांगला हवा होता.

दिग्या आता बिद्रीला साखर कारखान्यात आहे. भेटला की खांद्यावर हात टाकतो आणि सोबत असेल त्याला सांगतो, “सगळी पेठ हसत हुती, तवा ह्यो एकटा माझ्यासाठी शोधत बसलावता.”

मी ऐकून घेतो. दर वेळी.