पाण्याचे तीन थेंब

छ्याव मावशी शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. दुकानांच्या पाट्या वाचत त्या लिहायला शिकल्या. पुढे बायबलं जाळली जात होती त्या वर्षांत, एका आंधळ्या उपदेशकाच्या तोंडून ऐकून त्यांनी अख्खं शुभवर्तमान वहीत उतरवलं. आमच्या शान्शी प्रांतातल्या त्या गावात तेवढं एकच!

बंदी उठली. आम्ही प्रार्थनाघराची परवानगी मागितली, तर पक्षाचा चिटणीस लू स्वतः वही तपासायला आला. पानं उलटता उलटता तो ओरडला, "सापडलं! मेंढपाळ हरवलेलं 'परदेशी' शोधायला निघाला म्हणे! मावशी, तुमच्याच हातचं आहे. परदेशी धर्म!"

आम्ही वाकून पाहिलं. आमच्याकडे मेंढरू म्हणजे यांग आणि परदेशी म्हणजेही यांग. लिहिताना मात्र परदेशीला डावीकडे पाण्याचे तीन थेंब जास्त. मावशींनी झाडून साऱ्या मेंढरांना थेंब दिले होते!

मावशींना हसू आवरेना. "अरे बाबा, ते अक्षर मी काडेपेट्यांच्या पाटीवरून उचललं. काडेपेटीला आपण 'परदेशी विस्तव' म्हणतो ना, त्यातलं!"

"म्हणजे परदेशीच की!" म्हणत लूने ऐटीत सिगारेट तोंडात धरली आणि काडी ओढली.

"ओढ, ओढ," मावशी म्हणाल्या. "आमचा धर्म या मातीत येऊन तेराशे वर्षं झाली. ही काडेपेटी तर कालची. तुझ्या आईची चूल रोज त्या परदेशी विस्तवावरच पेटते. तिच्या हातच्या शेवयांना कधी परदेशी म्हणालास का रे?"